व्हॉल्वच्या प्रीअँप्लिफायरचा पॉवर सप्लाय: आकडेमोड व्हॉल्वपासून मागे

हाताशी असलेला ट्रान्सफॉर्मर घ्यायचा आणि त्यातून जो दाब (व्होल्टेज) मिळेल त्यावर गिटारच्या प्रीअँप्लिफायरचे व्हॉल्व, म्हणजे निर्वात काचनळ्या, चालवायचे, ही पद्धत सोयीची असली तरी उलटी आहे. आधी व्हॉल्वला काय लागते ते मांडावे आणि तेथून मागे येत ट्रान्सफॉर्मर ठरवावा. उदाहरणासाठी १२एएक्स७ जातीचे, म्हणजेच ईसीसी८३ या युरोपीय नावाने मिळणारे, दोन व्हॉल्व घेऊ. प्रत्येकात दोन ट्रायोड (स्वतंत्र वर्धक भाग) असतात आणि नेहमीच्या जोडणीत प्रत्येक ट्रायोड साधारण १ मिलिअँपिअर घेतो, म्हणून चौघांसाठी सढळ हाताने ५ मिलिअँपिअर धरू. दाब २५० ते २७५ व्होल्ट डीसी पुरे. फिलामेंटला, म्हणजे व्हॉल्व तापवणाऱ्या तारेला, मात्र १२.६ व्होल्टवर प्रत्येकी १५० मिलिअँपिअर लागतात. म्हणजे भीती वाटते ती एचटीची (या उच्च दाबाच्या बाजूची), पण खरा भार फिलामेंटचा असतो.

एचटीसाठी २३० व्होल्ट, ५० मिलिअँपिअरचे वेगळे सेकंडरी वाइंडिंग घ्यावे. घरातील लाइन थेट रेक्टिफायरला (एसीचे डीसी करणाऱ्या भागाला) जोडून ट्रान्सफॉर्मर वाचवण्याचा विचार मनातही आणू नये. तसे केल्यास शासी (धातूचा सांगाडा) आणि गिटारची तार दोन्ही जिवंत होऊ शकतात. १एन४००७ जातीच्या चार डायोडांच्या ब्रिजनंतर कॅपॅसिटरवर २३० गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट जमतात. लाइन २५० व्होल्टपर्यंत चढली तर हा आकडा ३५० ओलांडतो, आणि व्हॉल्व तापेपर्यंत भार जवळजवळ नसल्याने छोट्या ट्रान्सफॉर्मरचा दाब आणखी वर जातो. म्हणून कॅपॅसिटर ४५० व्होल्टचेच घ्यावेत. येथे चार पैसे वाचवणे महागात पडते.

पहिला कॅपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा. त्यावर २२० किलोओहम, २ वॉटचा ब्लीडर समांतर जोडावा, म्हणजे बंद केल्यावर साठलेला दाब ओसरेल. ब्लीडरचे दीड मिलिअँपिअर धरून एकूण प्रवाह साडेसहा होतो आणि १०० हर्ट्झचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) सुमारे १.४ व्होल्ट निघतो. पुढे १० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरड अशी पायरी ठेवावी. १०० हर्ट्झला हा कॅपॅसिटर केवळ ३४ ओहमसारखा वागतो, त्यामुळे रिपल जवळपास तीनशेपट घटून ५ मिलिव्होल्टच्या आत येतो आणि ५ मिलिअँपिअरला ५० व्होल्ट रेझिस्टरवर खर्ची पडून २७५ उरतात. येथून शेवटच्या व्हॉल्वला दाब द्यावा. अशीच आणखी एक पायरी घालून पहिल्या व्हॉल्वला सुमारे २५० व्होल्ट द्यावेत. तेथे रिपल वीस मायक्रोव्होल्टांपेक्षाही कमी राहतो. प्रवाह इतका थोडा असताना चोकची (लोखंडी गाभ्यावरच्या गुंडाळीची) गरज नाही.

फिलामेंटसाठी मी १५ व्होल्ट, १ अँपिअरचे वाइंडिंग, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड आणि दाब १२ व्होल्टवर स्थिर राखणारा ७८१२ रेग्युलेटर वापरतो. १२ व्होल्टचे वाइंडिंग कागदावर पुरेसे दिसते, परंतु संध्याकाळी लाइन २०० पर्यंत उतरते अशा गावात रेग्युलेटरला लागणारा वरचा दोन-अडीच व्होल्टचा फरक उरत नाही आणि घरघर परत येते. रेग्युलेटरवर सुमारे दोन वॉट उष्णता होते, तेव्हा हीटसिंक हवेच. मिळणारे १२ व्होल्ट १२.६ पेक्षा पाच टक्क्यांच्या आत कमी आहेत, ते चालते. ही बाजू अधांतरी सोडू नये. तिचे ऋण टोक ग्राउंडला जोडावे.

ट्रान्सफॉर्मर बांधून घेताना कारागिराला प्रायमरी (लाइनकडचे वाइंडिंग) आणि सेकंडरी यांच्यामध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचा पडदा घालायला सांगावे, आणि त्याची दोन टोके एकमेकांना टेकू नयेत हेही आवर्जून सांगावे, नाहीतर तो शॉर्ट झालेला वेढा ठरतो. पडद्याची तार अर्थिंगला जोडावी. शासीलाही तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंग द्यावे आणि प्रायमरीत २५० मिलिअँपिअरचा स्लो ब्लो फ्यूज ठेवावा.

माझ्या पहिल्या सेटमध्ये रिपल मोजून नगण्य होता, तरी स्पीकरमध्ये कर्कश गुणगुण होती. कॅपॅसिटर दुप्पट केले, फरक पडला नाही. शेवटी दिसले की पहिल्या कॅपॅसिटरचा ऋण पाय मी इनपुट सॉकेटजवळच्या स्क्रूवर डकवला होता. हा कॅपॅसिटर सलग भरत नाही, लाटेच्या टोकाला छोट्या, तीव्र झटक्यांनी भरतो. ते झटके इनपुटच्या ग्राउंडमधून वाहत होते. ब्रिजचा ऋण आणि पहिल्या कॅपॅसिटरचा ऋण आधी एकमेकांना थेट जोडावेत, आणि तेथून एकच तार पुढच्या ग्राउंडला न्यावी. कानाला ५० हर्ट्झची घोगरी घरघर ऐकू आली तर ट्रान्सफॉर्मरची जागा किंवा एसी तारांची मांडणी तपासावी. १०० ची धारदार गुणगुण असेल तर ग्राउंड.

पहिल्यांदा सुरू करताना ६० वॉटचा साधा पिवळा, तारेचा बल्ब लाइनच्या सिरीजमध्ये लावावा. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक; लख्ख पेटून राहिला तर ताबडतोब बंद करून डायोड आणि कॅपॅसिटरांची दिशा पाहावी. चालू सेटमध्ये मोजताना एक हात पाठीमागे ठेवावा, आणि बंद केल्यावर ब्लीडरला दाब ५० व्होल्टखाली आणायला मिनिटभर लागतो, म्हणून दोन-तीन मिनिटे थांबून, मीटरने प्रत्येक कॅपॅसिटर तपासूनच आत हात घालावा.