बूस्ट्रोफीडन: शब्द कसा फोडायचा, ओळी कशा वाचायच्या

शिलालेखांवरच्या इंग्रजी लेखनात ‘बूस्ट्रोफीडन’ हा शब्द गाठ पडतो. तो पाठ करू नका, फोडा. ग्रीकमध्ये ‘बूस’ म्हणजे बैल, ‘स्ट्रोफे’ म्हणजे वळण आणि शेवटचे ‘डोन’ म्हणजे ‘तशा रीतीने’. म्हणजे नांगरताना बैल वळतो तसे लिहिणे: पहिली ओळ एका दिशेने, दुसरी उलटी, तिसरी पुन्हा पहिलीसारखी. मराठवाड्यात ज्याने तिफण हाकली आहे त्याला चित्र काढून दाखवायची गरज नाही. तास संपले की धुऱ्यापाशी बैल वळवायचे आणि शेजारूनच परतीचे तास धरायचे; रिकामी तिफण घेऊन कोणी मागे येत नाही.

फोडलेला तुकडा दुसऱ्या शब्दांत सापडतो का, तेही बघा. ‘स्ट्रोफे’ कॅटॅस्ट्रॉफीत आहे. ‘बूस’ तर संस्कृत ‘गो’च्याच मुळातला.

आता वाचन. नमुन्याला ग्रीसच्या क्रीट बेटावरचा, गॉर्टिन नगराचा दगडात कोरलेला कायदा घ्या: इ.स.पू. ५ वे शतक, १२ स्तंभ, सुमारे ६०० ओळी. प्रत्येक ओळीला क्रमांक द्या. मग दोन्ही बाजूंनी सारखी नसलेली अक्षरे शोधा. एप्सिलॉन हे ग्रीक अक्षर रोमन ‘ई’सारखे (E) दिसते, त्याचे दाते ज्या बाजूला, वाचनाची दिशा ती. परतीच्या ओळीत अक्षरेही आरशातल्यासारखी उलटतात. ओमिक्रॉन (O), टाऊ (T) दोन्हीकडून सारखेच, त्यांच्यावर भिस्त नको. ओळीपुढे बाण काढा आणि मगच अक्षरे उतरवा. शब्दांत जागा सोडलेली नसते, शब्द ओळीच्या टोकाला तुटून खालच्या ओळीत जातो. म्हणून ओळी सलग जोडल्याशिवाय शब्द पाडू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो छायाचित्रामुळे. चित्र उलटे छापले गेले असेल किंवा दगडावर ओला कागद दाबून घेतलेल्या ठशाची दगडाला चिकटलेली बाजू टिपली असेल, तर सगळे बाण चुकतात. लेखाचे दुसरे छायाचित्र मिळवून ताडून बघा.

हात बसवायला अभंगाच्या चार ओळी बटर पेपरवर लिहा. त्यांतली दुसरी आणि चौथी कागद पालथा करून मागच्या बाजूने लिहा, म्हणजे पुढून ती उलटी दिसेल. उलट्या ओळीत ‘प’, ‘म’, ‘त’ यांचा दंड डावीकडे येतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. ही खूण डोळ्यांत बसली की दिशा पटकन ओळखू येते.

आंध्रातल्या एर्रागुडीच्या अशोककालीन लघुशिलालेखातही ब्राह्मीच्या काही ओळी अशाच उलटसुलट आहेत. प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाच्या, रोंगोरोंगो नावाच्या चिन्हलिपीत कोरलेल्या लाकडी पाट्यांची तऱ्हा निराळी: तिथे एकाआड एक ओळ डोक्यावर उभी असते, त्यामुळे ओळ संपली की पाटीच फिरवावी लागते.