हळदीतलं करक्युमिन घेताना या चुका टाळा

'पी हळद नि हो गोरी' ही म्हण लहानपणापासून ऐकूनही करक्युमिनच्या कॅप्सूलच्या बाबतीत आपण तीच घाई करतो.

सगळ्यात मोठी चूक हिशोबाची. हळद म्हणजे करक्युमिन नव्हे. हळकुंडात ते साधारण २ ते ५ टक्के असतं. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळद दुधात घातली तरी फार तर दीडशे मिलिग्रॅम. एकेका कॅप्सूलमध्ये मात्र सर्रास ५०० मिलिग्रॅम अर्क असतो. त्यामुळे 'आजी जन्मभर हळद खात होती, तिला काय झालं?' हा दाखला इथे चालत नाही.

दुसरी चूक नुसत्या पाण्याबरोबर घेण्याची. पेल्यात हळद ढवळून ठेवा, थोड्या वेळात तळाशी गाळ बसतो. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; फोडणीच्या तेलात किंवा तुपात विरघळतं. शिवाय शोषलं गेलेलंही शरीर झपाट्याने बाहेर टाकतं. मिरीतलं पिपरीन हा वेग मंदावतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या अभ्यासात २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर शोषण वीसपट वाढलं होतं.

पण खरी काळजी इथेच घ्यायला हवी. पिपरीन काही औषधांचाही निचरा मंदावतं. माझ्या आईला रक्त पातळ करणारी गोळी चालू होती आणि गुडघ्यांसाठी ती गुपचूप या कॅप्सूल घेत होती. हातावर निळे डाग दिसले तेव्हा आम्हाला कळलं. डॉक्टरांना सांगताना 'हळदच तर आहे' म्हणून हे वगळू नका. पित्ताशयात खडे असतील तर विचारल्याशिवाय घेऊच नका. जास्त शोषल्या जाणाऱ्या अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चुना किंवा साबण लागून हळद लाल झाली की भेसळीची शंका घेणंही चूकच. करक्युमिन अल्कलीत लाल होतंच, आपलं पारंपरिक कुंकू त्यावरच तर बनतं!

आणि हळदीची काचेची बरणी खिडकीत ठेवू नका. कपड्यावरचा हळदीचा डाग ज्या उन्हाने फिका पडतो, तेच ऊन बरणीतलं करक्युमिनही नासवतं.