३३ अक्षरांचा डच शब्द कसा फोडायचा

नेदरलँड्समध्ये कामाचे कागद वाचताना कधीतरी हा शब्द समोर येतोच, आर्बेइट्सऑनखस्खिक्तहेइट्सफरझेकरिंग. डच स्पेलिंगमध्ये सलग ३३ अक्षरं, मधे एकही स्पेस नाही. घाबरू नका, शाळेत समासाचा विग्रह करायचो ना, तेच करायचंय.

आधी शब्द मागून पकडा. शेवटचं पद मुख्य, अगदी आपल्या तत्पुरुषासारखं, म्हणजे राजवाडा हा वाडाच असतो आणि लिंगही वाड्याचंच घेतो. इथे शेवटी आहे फरझेकरिंग म्हणजे विमा, तर हे सगळं लटांबर एका विम्याचं नाव आहे आणि आर्टिकलसुद्धा विम्याचंच लागतं, 'द'.

आता सांधे शोधा. आर्बेइटनंतर एक 'स' आहे, हेइटनंतर एक. हा मुळात षष्ठीचा प्रत्यय, आपला चा-ची-चे, पण आता बऱ्याचदा नुसता डिंकासारखा मधे बसलेला असतो. हेइटने संपणाऱ्या पदाला तो हमखास चिकटतो, त्यामुळे 'हेइट्स' दिसलं की बिनधास्त कात्री लावा. मात्र प्रत्येक 'स' सांधा नसतो हां, खस्खिक्तमधला मूळ शब्दाचाच आहे, तिथे कापलंत तर हाती काहीच लागणार नाही.

मग तुकडे सोलायचे. ऑन म्हणजे आपला नकाराचा 'अ', खस्खिक्त आलंय स्खिकन म्हणजे नीट लावणं, जुळवणं यावरून, म्हणून अर्थ झाला योग्य, आणि हेइट म्हणजे 'पणा'. फरझेकरिंगच्या पोटात झेकर आहे, म्हणजे खात्रीचं, ते लॅटिन सेकुरुसवरून आलंय, आपण सिक्युरिटी म्हणतो ते त्याच घरातलं. सगळं जोडलं की 'कामाला अयोग्य असण्याचा विमा', आजारपणाने किंवा अपघाताने काम करता येईनासं झालं तर पैसे देणारा. १९६७ साली लागू झालेल्या एका कायद्याच्या नावातच हा शब्द होता, पण एवढं कोण बोलणार, लोक सरळ त्या कायद्याच्या नावाची आद्याक्षरं घेऊन वे-आ-ओ (WAO) म्हणायचे.

मला सगळ्यात आवडतो तो आर्बेइट. आज अर्थ काम, जुना अर्थ कष्ट, हालअपेष्टा. बरेच अभ्यासक त्याचं मूळ पोरक्या मुलाच्या अर्थाच्या एका जुन्या शब्दाशी जोडतात, ज्यातून इंग्रजी ऑर्फन आला आणि संस्कृत अर्भ, म्हणजे आपलं अर्भक! पोरक्या पोराच्या नशिबी दुसऱ्याच्या दारात राबणं, असा तो धागा. चेकमधला रोबोटा म्हणजे वेठबिगारी, ज्यावरून रोबोट आला, तोही याच गोतावळ्यातला मानतात.

प्रॅक्टिसला आर्बेइट्सओव्हरएनकॉम्स्ट घ्या. मागून कॉम्स्ट म्हणजे येणं, एन म्हणजे एक, ओव्हर म्हणजे वर, तर दोघं एका गोष्टीवर येणं म्हणजे करार, आणि पुढे आर्बेइट लागला की झाला नोकरीचा करार. 'स' कुठे बसलाय ते तुम्हीच शोधा.