गाडीचा टेप चालू पण आवाज गायब? नवा घ्यायच्या आधी हे बघा

मे महिन्यात धुळ्याहून भुसावळला लग्नाला चाललो होतो, मामांची दहा वर्षं जुनी गाडी, अहिराणी गाणी जोरात चालू आणि पारोळा सोडल्यावर एकदम आवाज बंद. डिस्प्लेवर गाण्याचे सेकंद पळताहेत पण चारही स्पीकर गपगार. मामा म्हणे, "काय व्हयनं रे भो, टेप गया का?" जळगावात एका दुकानात दाखवलं तर त्याने उघडून पण बघितलं नाही, सरळ सांगितलं डेक (म्हणजे टेपच) गेला, नवा टाका. मामा पाकीट काढतच होते, तेवढ्यात त्यांनी ड्रायव्हर साईडचं दार उघडलं आणि अर्ध्या सेकंदासाठी गाणं वाजून परत बंद! तिथेच मला डाऊट आला.

तर पहिली गोष्ट, आवाज *कसा* गेला ते बघायचं, स्क्रूड्रायव्हर नंतर. डिस्प्लेसकट सगळं बंद असेल तर करंटच येत नाहीये. डिस्प्ले चालू पण चारही स्पीकर बंद असतील तर म्यूट, शॉर्ट किंवा ॲम्प (आवाज मोठा करणारा भाग). एकच स्पीकर बंद असेल तर बहुतेक तो स्पीकर नाहीतर त्याची वायर. खड्ड्यात गेल्यावर येतो-जातो तर कुठेतरी लूज. आणि तासभर वाजून गेला, गाडी थंड झाल्यावर परत आला, तर गरम होतंय. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, उन्हात उभ्या गाडीत त्याहून जास्त, मग डेकच्या आतला ॲम्पचा आयसी (चिप) जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. अशा वेळी आवाज कमी ठेवा, डेकमागे कोंबलेल्या वायरी मोकळ्या करा म्हणजे हवा लागेल.

हसू नका पण आधी फेडर-बॅलन्स (आवाज पुढे-मागे, डावी-उजवीकडे वाटायची सेटिंग) बघा, पोरं बटणं दाबून सगळा आवाज मागे टाकतात आणि मागे स्पीकरच नसतात. ब्लूटूथ असेल तर फोनचा आवाज वेगळा कमी झालेला असतो, रेडिओ लावून बघा, रेडिओ वाजला तर डेक ठणठणीत आहे.

सगळंच बंद असेल तर फ्यूज. एक गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये आणि एक बऱ्याच डेकच्या पाठीमागे असतो, १० चा लाल, १५ चा निळा. उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, चांदीचा कागद गुंडाळून किंवा ३० चा टाकून जुगाड करू नका, वायरिंग पेटेल. नवा पण लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, फ्यूज बदलत बसू नका.

डेक बाहेर काढायचा तर बॅटरीची निगेटिव्ह काढून घ्या. काही कंपनी फिटिंग डेक बॅटरी काढल्यावर कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. आणि पिवळ्या कव्हरच्या वायरी, पिवळे कपलर (वायरी जोडायचे प्लग) दिसले तर हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात. मल्टीमीटर (व्होल्ट-ओहम मोजायचं मीटर) लावायच्या वेळी बॅटरी परत जोडायची. बाहेरून टाकलेल्या डेकमध्ये एकटी पिवळी वायर म्हणजे कायमचे १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावरचे, काळी अर्थिंगची, म्हणजे बॉडीला जाणारी. स्पीकरच्या पांढऱ्या, राखाडी, हिरव्या, जांभळ्या, त्यात काळी रेघवाली निगेटिव्ह. कंपनीच्या वायरिंगमध्ये मात्र रंग वेगळे निघतात.

आता जिथे बरेच मेकॅनिक पण फसतात ते. स्पीकरची निगेटिव्ह म्हणजे अर्थ *नाही*. डेक चालू असताना स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या हिशोबाने बॅटरीच्या निम्मे म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास असतात. म्हणून एक जरी वायर सोलून पत्र्याला लागली तरी बरेच डेक स्वतःला वाचवायला चारही चॅनल बंद करतात, आणि आपण म्हणतो डेक गेला. मीटर लावून बघा, सगळ्या वायरींवर साधारण ६ असतील तर आयसी जागा आहे, म्यूट किंवा सोर्स तपासा. एखाद्या वायरवर शून्य किंवा थेट १२ दिसले तर ती वायर पकडा. मग डेक बंद करून स्पीकरचा कपलर काढा, मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देतो) ठेवून एक टोक बॉडीला, दुसरं एकेका स्पीकर वायरला. बीप झाली की चोर सापडला. त्याच कपलरवर दोन्ही वायरींमध्ये ओहम बघा, ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ४ दाखवतो, काहीच नाही दाखवलं तर कॉइल किंवा वायर तुटलीय. मीटर नसेल तर घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा, टक् झालं की स्पीकर जिवंत. हे कपलर काढूनच करायचं, डेक जोडलेला असताना नाही.

मामांच्या गाडीत बीप ड्रायव्हर साईडच्या वायरवर झाली. दार आणि बॉडीच्या मध्ये जी रबरी नळी असते ना, दार रोज उघडून-बंद करून त्यातल्या वायरी तिथेच मोडतात, आणि ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं. नळी सरकवली तर वायरचं प्लास्टिक फाटून तांबं बाहेर, पत्र्याला घासलेलं. नुसती टेप गुंडाळून भागत नाही, उन्हात तिचा गोंद वितळून सुटते. खराब तुकडा कापला, थोडी जास्त लांब मऊ वायर टाकली, दोन्ही जोड नळीच्या बाहेर येतील असे घेऊन सोल्डर केले आणि वर स्लीव्ह. जोड वाकणाऱ्या जागी ठेवला की परत तुटतो.

वेगळा ॲम्प-वूफर असेल तर तिथे तीनच गोष्टी: जाडी पॉझिटिव्ह, अर्थ आणि डेकमधून येणारी निळी-पांढरी रिमोट वायर. डेक चालू केल्यावर रिमोटवर १२ व्होल्ट नसतील तर ॲम्प उठणारच नाही. अर्थ रंगावर कसलेला असतो बऱ्याचदा, रंग खरवडून पत्रा चमकवून घट्ट करा. लाल प्रोटेक्टची लाईट लागली तर स्पीकर वायरी काढून परत चालू करा, लाईट गेली तर दोष स्पीकर किंवा वायरीत, राहिली तर ॲम्पच दुकानात न्या. शेतात, कापसाच्या गोडाऊनजवळ गाडी उभी राहत असेल तर सीटखालच्या वायरी पण बघा, उंदीर सोडत नाहीत.

जोडताना एखाद्या स्पीकरचं प्लस-मायनस उलटं झालं तर आवाज येतो पण बास मरतो, मग वाटतं डेकच हलका आहे. मामांचं पहिल्यांदा तेच झालं, आमच्या पोराच्या कानाला कळलं, मला नाही.