गारगोटीच्या शिरेतील सोने कसे शोधावे

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १८५१ पासून सोने खणले जात आहे, आणि बेंडिगो किंवा बॅलरॅटच्या परिसरात हौशी माणसालाही ते कायदेशीरपणे शोधता येते. त्यासाठी आधी ‘मायनर्स राइट’ हा दहा वर्षे चालणारा परवाना घ्यावा. त्यावर खणण्यासाठी केवळ हातातील अवजारे वापरता येतात, आणि खासगी जमिनीत शिरण्यापूर्वी मालकाची संमती लागते. बहुतेक राष्ट्रीय उद्याने वर्ज्य आहेत, म्हणून जागा निवडताना सरकारी नकाशा पाहावा. भारतात अशी मुभा नाही. १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमानुसार परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेता येत नाही.

जुन्या खाणींच्या आसपास गारगोटीचे सुटे तुकडे विखुरलेले दिसतात. शुभ्र, चकचकीत तुकड्यांपेक्षा तांबूस डागांचे आणि बारीक पोकळ्या पडलेले तुकडे आधी तपासावेत, कारण सोन्यासोबत असलेली गंधकयुक्त लोहखनिजे कुजून गेल्यावर तसे डाग आणि तशा पोकळ्या उरतात. जुन्या, उघड्या विहिरींसारख्या खड्ड्यांच्या काठाजवळ मात्र कधीही जाऊ नये. तेथील माती पायाखालून सरकते.

नवशिका येथे हातोडा उचलतो, आणि माझ्या मते हीच घाई बहुतेकांचा दिवस वाया घालवते. शीर, म्हणजे खडकातील गारगोटीचा पट्टा, बहुधा मातीखाली झाकलेली असते, पण तिच्यातून झिजलेले सोन्याचे कण उतारावरून खाली ओघळलेले असतात. म्हणून उताराच्या पायथ्याशी आडवी ओळ धरून दर पंधरा-वीस पावलांवर घमेलेभर माती घ्यावी, प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्यावा आणि तो पाण्यात परातीने हलवत धुवावा. सोन्याची घनता १९.३ आणि गारगोटीची सुमारे २.६५ असल्याने हलका गाळ वाहून जातो आणि कण काळ्या रेतीबरोबर तळाशी राहतात. ते मोजून वहीत लिहावेत, शून्य आले तरी. मग ज्या नमुन्यात अधिक कण मिळाले त्याच्या वरच्या बाजूस नवी ओळ धरावी. वर जाताना कण टोकदार, खडबडीत होत गेले, तर उगम जवळ आला असे समजावे. ते एकाएकी थांबले, तर शीर शेवटच्या दोन ओळींच्या मध्ये असण्याचा संभव मोठा असतो, आणि खणायचे ते तेथेच.

सापडलेल्या शिरेचे तुकडे वजन करून लोखंडी खलबत्त्यात कुटावेत. दगड ओला ठेवावा आणि तोंडावर धूळरोधक मुखपट्टी व डोळ्यांवर चश्मा घालावा, कारण गारगोटीच्या धुळीने फुप्फुसाचा सिलिकोसिस हा असाध्य आजार जडतो. कुटणे सोपे व्हावे म्हणून दगड भाजू नये. या भागातील शिरांत आर्सेनिकयुक्त खनिजे असतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. सोन्याचे कण गोळा करण्यासाठी वापरला जाणारा विषारी पारा तर घरात आणूच नये.

बारीक चाळणीतून गाळलेले पीठ पुन्हा परातीत धुवावे. पिवळा कण सुईने दाबल्यावर चपटा झाला तर ते सोने, भुगा झाला तर पायराइट, म्हणजे सोन्यासारखे दिसणारे गंधकयुक्त लोहखनिज. टनाला दहा ग्रॅम सोने देणारी शीर चांगली मानली जाते, पण तिच्या एक किलो दगडात अवघे दहा मिलिग्रॅम सोने असते. त्यामुळे परातीत दोन-चार ठिपकेच दिसले, म्हणून निराश होऊन ती जागा सोडू नये. निघताना मात्र प्रत्येक खड्डा मातीने भरून द्यावा. परवान्याची ती अटच आहे.