ब्लॉकिंग पेप्टाइड वापरताय? या चुका टाळा

नावातल्या 'ब्लॉकिंग'ने फसू नका. हे पेप्टाइड हिस्टामिन मोडणाऱ्या डायअमाइन ऑक्सिडेजला, म्हणजे डीएओला, थांबवत नाही. त्यासाठी अमिनोग्वानिडिन वापरतात. ज्या तुकड्यावर अँटिबॉडी तयार केली तोच तुकडा व्हायलमध्ये असतो. तो अँटिबॉडीच्या पकडीच्या जागा आधीच भरून टाकतो, मग मेम्ब्रेनवरचं, म्हणजे जेलमधून प्रथिनं ज्या पडद्यावर उतरवतात त्यावरचं, डीएओ तिला धरता येत नाही. दिसणारा बँड, म्हणजे प्रथिनाची पट्टी, खरंच त्या पकडीमुळे आहे का, हे असं पडताळतात.

सगळ्यात जास्त वाया जातात ते घाईने केलेले ब्लॉट, म्हणजे मेम्ब्रेनवरच्या या चाचण्या. नेहमी होतं ते असं: अँटिबॉडी मेम्ब्रेनवर ओतलेली असते, मग आठवण होते आणि पेप्टाइड वरून टाकलं जातं. तोवर अँटिबॉडी डीएओला चिकटलेली असते. बँड दिसतो, आणि दोष अँटिबॉडीवर जातो. दोघांची गाठ मेम्ब्रेनच्या आधी नळीत पडायला हवी. २ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी २०० मायक्रोलिटर पीबीएसमध्ये (मीठ असलेल्या फॉस्फेट बफरमध्ये) घ्या, त्यात १० मायक्रोग्रॅम पेप्टाइड घाला. वजनाने हे पाचपट असलं तरी २ किलोडाल्टन वजनाचं पेप्टाइड आणि १५० किलोडाल्टनची अँटिबॉडी धरली, तर रेणूंच्या संख्येत पावणेचारशे पट होतं. दुसऱ्या नळीत तेवढीच अँटिबॉडी, आणि पेप्टाइडऐवजी ते ज्यात विरघळवलं त्याच द्रावणाचे तेवढेच मायक्रोलिटर. ही दुसरी नळी गाळली तर प्रयोगाला अर्थ उरत नाही. अर्ध्या तासात भागतं असं म्हणतात, पण कोकणात मे महिन्यात 'रूम टेंपरेचर' ३३ अंशांवर जातं. रात्रभर ४ अंशांवर हळूहळू फिरवत ठेवा, सकाळी दोन्ही नळ्या २ मिलिलिटरपर्यंत पातळ करा.

एकाच जेलचे, सारखेच नमुने भरलेले दोन अर्धे वापरा, प्रत्येक नळीला एक, आणि दोन्हींचा फोटो एकाच एक्स्पोजरला काढा. तेच मेम्ब्रेन स्ट्रिप करून, म्हणजे अँटिबॉडी धुऊन काढून, पुन्हा वापरू नका. स्ट्रिपिंगमध्ये प्रथिनही निघून जातं. अँटिबॉडी फार जास्त असेल तर पेप्टाइड कमी पडतं, म्हणून बँड जेमतेम स्पष्ट दिसेल ते डायल्यूशन आधी ठरवा.

दुसरी चूक पावसाळ्यातली. जुलैत रत्नागिरीत हवाच ओली असते. उणे २० अंशांवरून काढलेली व्हायल लगेच उघडली की आतल्या कोरड्या पावडरवर दव धरतं, नि पेप्टाइड, त्यातही सिस्टीन हे अमिनो आम्ल असलेलं, खराब व्हायला लागतं. बंद व्हायल सिलिका जेलच्या डब्यात अर्धा तास बाहेर राहू द्या. मग मायक्रोफ्यूजमध्ये (छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये) क्षणभर फिरवून पावडर तळाला बसवा, आणि मगच झाकण उघडा. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम या हिशेबाने विरघळवा आणि लगेच १० मायक्रोलिटरचे भाग करा. एक भाग एकदाच वितळवायचा. वीज गेल्यावर फ्रीझर उघडून बघायचा मोहही आवरा.

आता बँड नाहीसा झाला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. अँटिबॉडी त्या तुकड्याला धरते, एवढंच त्यातून कळतं. तसाच तुकडा दुसऱ्या प्रथिनात असेल तर त्याचाही बँड जातो. डीएओ अमिनो आम्लांच्या हिशेबाने सुमारे ८५ किलोडाल्टनचं, पण साखरेच्या साखळ्यांमुळे जेलवर त्याहून वर दिसतं. ३३ किलोडाल्टनच्या आसपासचा बँड गेला तर ते डीएओ समजू नका. खात्रीसाठी डीएओ असलेला मूत्रपिंडाचा किंवा प्लॅसेंटाचा नमुना आणि डीएओचं एओसी१ जनुक काढलेल्या पेशी, दोन्ही हवेत.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून आणलेल्या बांगड्याच्या आतड्यावर मानवी डीएओची अँटिबॉडी लावण्याआधी माणसाच्या आणि माशाच्या डीएओतले अमिनो आम्लांचे क्रम जुळवून बघा. तो तुकडा माशात वेगळा असेल तर पेप्टाइड काहीच सांगणार नाही.

पेप्टाइड त्याच अँटिबॉडीच्या कॅटलॉग नंबरचं घ्या. ऊतींच्या कापांवर लावण्याआधी मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० g वर १० मिनिटं फिरवा, नाहीतर गुठळ्यांचे ठिपके पडतात. आणि अँटिबॉडी दिसण्यासाठी एचआरपी हे एन्झाइम वापरत असाल तर बफरमध्ये सोडियम अझाइड नको. ते एचआरपी मारून टाकतं.