ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) कॉम्पॅक्टला अप्लाय करताय? आधी लायसन्सवरचा पत्ता बघा

मुंबई-नागपूरहून बीओटीएच (ओटीची पदवी) करून अमेरिकेत आलेल्या, एनबीसीओटी ही तिथली ओटीची परीक्षा पास होऊन एका राज्यात काम करणाऱ्या मंडळींसाठी हे. शेजारच्या राज्यातले पेशंट घ्यायला तिथलं अख्खं लायसन्स काढायची गरज नाही, कॉम्पॅक्टमधून, म्हणजे राज्याराज्यांमधल्या लायसन्सच्या करारातून, प्रिव्हिलेज (तिथे काम करायची परवानगी) मिळतं. पण दोन्ही राज्यं त्यात हवीत. कॅलिफोर्निया अजून नाही. आणि कायदा पास झाला म्हणजे ते राज्य प्रिव्हिलेज द्यायला लागलं असं नसतं, त्याची सिस्टीम कॉम्पॅक्टला जोडली गेलीय का ते बघा.

आता होम स्टेट. होम स्टेट म्हणजे तुम्ही राहता ते राज्य, क्लिनिक आहे ते नव्हे, पहिलं लायसन्स काढलं तेही नव्हे. माझं घोडं इथेच पेंड खात बसलं, कारण राहायला व्हर्जिनियात, ओटी लायसन्स मेरीलँडचं, ड्रायव्हिंग लायसन्सवर पत्ताही मेरीलँडचाच. राहता तिथलंच ओटी लायसन्स लागतं! पुरावा म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स, फेडरल टॅक्स रिटर्न, घराचं लीज वगैरे, आणि सगळ्यावर पत्ता एकच असू द्या. यादीत व्होटर रजिस्ट्रेशनही आहे, पण एच-वन (वर्क व्हिसा) आणि ग्रीन कार्डवाल्यांनी, म्हणजे नागरिक नसलेल्यांनी, तिकडे बघूच नका. पत्ता बदलायला डीएमव्हीत (तिथल्या आरटीओत) गेलात की मतदार नोंदणीचं विचारतात, घाईत ‘यस’वर टिक केलंत तर इमिग्रेशनचं झेंगट मागे लागेल. एच-वनवाल्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स बहुतेक ठिकाणी व्हिसाच्या मुदतीला बांधलेलं असतं, त्यामुळे पत्त्याबरोबर तारीखही बघा. परत सांगतो, आधी पत्ता, मग अर्ज.

ओटी लायसन्सवर कारवाई नको, गेल्या २ वर्षांतलीही नको. एफबीआयसाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. काही राज्यं त्यांच्या कायद्याची परीक्षा घेतात, ती ‘ओपन बुक असेल’ म्हणून हलक्यात घेऊ नका.

टेलिहेल्थवाल्यांनो, पेशंट बसलाय ते राज्य मोजतात, तुमची खुर्ची कुठेय ते नाही. आणि प्रिव्हिलेज मिळालं म्हणून एच-वनवर दुसरीकडे जाऊन काम करता येईल असं समजू नका, आधी एम्प्लॉयरच्या वकिलाला विचारा.

नंतर घर बदललं तर लगेच कळवा, होम स्टेट बदललं की पत्त्याचं सगळं पुन्हा, आणि कॉम्पॅक्टबाहेर गेलात तर प्रिव्हिलेज गेलंच. सीईयू (लायसन्स टिकवायला लागणारे शिक्षणाचे तास) फक्त होम स्टेटचे. प्रिव्हिलेजची मुदत होम लायसन्सची तीच. फी भरा, पावती सेव्ह करा.